हे धर जरा

"हे धर जरा," असं म्हणून नवऱ्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, तिच्याकडे न बघताच तिच्या तळहातावर ठेवलं, आणि ती होती तिथेच उभी राहिली. आता यात खिळून राहण्यासारखं काय होतं? बायकोच्या हातात वस्तू द्यायची आणि आपण मोकळं व्हायचं ही त्याची जन्माची खोड. पिशवी धर, छत्री धर, चष्मा धर, बोलता बोलता अर्धवट प्यालेला चहाचा कपसुद्धा धर. पण घड्याळ नाही. घड्याळ तो अंघोळीपुरतं काढायचा, तेही स्वतःच्या हाताने खुंटीला लावायचा. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं ते किल्लीचं घड्याळ. पट्टे बदलले, काच दोनदा बदलली, आत तेच. तळहातावर आलं तेव्हा त्याला अजून अंगाची ऊब होती. तिला आधी ती ऊब कळली, मग वजन कळलं, आणि मग, खोल विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज उशिराने वर यावा तसं कळलं, की हे याआधी एकदाच घडलंय, आणि ते इथेच घडलंय.

तो मात्र पुढे गेलासुद्धा. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, तळहात एकमेकांवर चोळले, गुडघ्यात किंचित वाकला आणि बागेतल्या फिरत्या चक्राच्या दांडीला हात घातला. "मुंगे, घट्ट धर हं. आजोबा विमान सोडताहेत." मुंगी म्हणजे त्यांची नात, चार वर्षांची, साखरेचा डबा कुठेही लपवा, हिला वास लागायचाच, म्हणून ते नाव पडलेलं. ती दोन्ही हातांनी दांडी आवळून बसली होती आणि आजीकडे बघत होती. आजी नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. माणूस म्हातारा झाला, केस गेले, पाणीखात्यातल्या नोकरीतून निवृत्त होऊनही जमाना झाला, पण वाकण्याची ती तऱ्हा तशीच होती. डावा खांदा आधी खाली, मग कंबर, मग एक हुंकार. अंगाला सगळं आठवत होतं. अंगाच्या मालकाला काही आठवत नव्हतं.

बाग नवी केली होती म्हणजे तिने पार कातच टाकली होती. फाटकाशी खुर्ची टाकून रखवालदार बसलेला, रंगीत पत्र्यावर नियम लिहिलेले, घसरगुंडी पिवळ्या प्लास्टिकची आणि बोगद्यासारखी बंद. झोपाळ्यांना साखळ्यांऐवजी जाड दोर. आणि जमीन? जमीन रबराची. पाऊल टाकलं की किंचित आत जायची आणि उचललं की परत वर यायची, दवाखान्यातल्या गादीसारखी. आल्यापासून ती या जमिनीवर नीट उभी राहू शकली नव्हती. सगळ्या पोरांच्या आया कौतुकाने पाय दाबून बघत होत्या, आणि हिला वाटत होतं, ही जमीन आता कबूल करतेय. मी कठीण होते, असं सांगतेय. चक्राभोवतीचा तो दगडी कठडा काढून टाकलाय, त्याच्या जागी निळं रबर ओतलंय, म्हणजे कुणाला तरी कुठेतरी कळलंच असणार की तो कठडा तिथे नको होता. ज्यांना कळलं त्यांनी गुपचूप काढला. बाकी कुणी तिला काही सांगायला आलं नाही. कशाला येतील?

सकाळी मुलाच्या घरी मुंगीला आणायला गेली तेव्हा सून पोरीची वेणी घालत होती. "बाबा आहेत ना बरोबर?" तिने विचारलं. "आहेत ना, खाली उभे आहेत." "मग न्या ना, खुशाल न्या. आम्ही दोघंही येतो संध्याकाळी बागेतच. तसं नाही हो आई, तुमची एकटीची दमछाक होते, म्हणून म्हटलं." सुनेचं बोलणं असं असायचं, बोट ठेवायला जागा नाही, आणि म्हणूनच आत कुठेतरी सलायचं, पायात मोडलेल्या बारीक काचेसारखं. काचांचं तिला ठाऊक होतं. सगळा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला होता तिचा, मागच्या खोलीत, काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात. लोकांची नजर सरळ करायची आणि संध्याकाळी घरी येऊन ऐकायचं: "लक्ष कुठे असतं तुझं?" तर सून पुढच्या महिन्यापासून परत कामाला लागणार होती, मुंगीला दिवसभर कोण बघणार हा प्रश्न होता, आणि तिने आपणहून दुकानाच्या मालकांना सांगून टाकलं होतं, की आता मी थांबते, नातीपाशी राहते. घरी मात्र कुणी हो म्हटलं नव्हतं. मुलगा म्हणायचा, "बघू." सून म्हणायची, "पाळणाघरात मुलं मिसळतात पण." आणि नवरा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मी असतोच की घरात. पण दुपारी माझा डोळा लागला, तर? एवढंच म्हणतो मी. तर?" त्या 'तर'पुढचं सगळ्यांना कळलं. बोलायची गरजच नव्हती. घरातल्या भांड्यांनासुद्धा ती गोष्ट पाठ होती.

ती गोष्ट खरी कशी होती? मुलगा सहा वर्षांचा होता. चक्र तेव्हा लोखंडी होतं, हिरवा रंग उडालेला, मधल्या खांबाशी करकर वाजणारं. संध्याकाळ होती. "हे धर जरा," असं म्हणून नवऱ्याने घड्याळ तिच्याकडे दिलं होतं, कारण गेल्या वेळी दांडीवर आपटून काच तडकली होती. मग तो वाकला आणि त्याने फिरवायला सुरुवात केली. पोरगं ओरडत होतं, "अजून जोरात, बाबा, अजून." आणि बाबा हसत, धापा टाकत, चक्राबरोबर धावत रेटत होते. ती कठड्याच्या बाहेर उभी होती. नजर हलवली नव्हती तिने. पापणीसुद्धा हलवली नव्हती, असं तिला आजही वाटतं. देवाने माणसाला पापण्या दिल्या त्या अशा वेळी मिटता याव्यात म्हणून, पण तिच्या मिटल्या नाहीत. "अहो, पुरे," असं ती म्हणाली होती. दोनदा म्हणाली. दर फेरीला पोराचं तोंड यायचं, हसणारं, आणि जायचं. एका फेरीला तोंड आलं आणि हात नव्हते. दांडी रिकामी होती. मग दगडावर नारळ आपटावा तसा आवाज झाला. बस. डावा डोळा गेला.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, जरा तडकून म्हणाले, "मुलाबरोबर मोठं माणूस कोण होतं?" सासूबाई तिथेच बाकावर होत्या. दीर होते. नवरा भिंतीला टेकून उभा होता, राखेसारखं तोंड झालेलं. तिला वाटलं, हा आता मोडेल. इथेच, सगळ्यांच्या देखत, कडकन मोडेल, आणि मग याला सांधता येणार नाही. काच तडकताना आधी एक केसभर रेघ येते, आणि ती रेघ तिला त्याच्या तोंडावर दिसली. आणि ती म्हणाली, "मी होते. माझं लक्ष नव्हतं." कसं म्हणाली? दुसऱ्याचा हात दुखतोय म्हणून आपण त्याची पिशवी घेतो ना, पुढच्या वळणापर्यंत, तसं म्हणाली. वळण आलं की तो आपणहून म्हणेल, दे इकडे. पहिले काही दिवस तो रात्री अंधारात तिचा हात दाबून धरायचा, खूप जोरात, काही न बोलता. तिला ते पुरलं. मग हात दाबणं थांबलं. मग एक दिवस शेजारीण विचारायला आली आणि तिने आतल्या खोलीतून ऐकलं, तो म्हणत होता, "काय सांगू वहिनी, हिचं जरा लक्ष नव्हतं हो." तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. वाटलं, बाहेरच्यांना सांगायला असं म्हणत असेल. मग सासूबाईंना, मग मेहुण्यांना, मग पाहुण्यांना. त्याच्या सांगण्यात आधी तो नुसताच पलीकडे उभा होता, मग त्याला ओळखीचं कुणी भेटलं होतं, मग तो बजावून गेला होता. दर खेपेला गोष्टीत एखादं नवं कडवं यायचं, आणि एका दिवाळीच्या दुपारी, आल्यागेल्यांच्या घोळक्यात, त्यात घड्याळही आलं: "घरी जायची घाई हिला. घड्याळ बघत होती."

गोष्टीला एकदा चाल लागली ना, की ती खोटी आहे असं म्हणायची सोय राहत नाही. सांगणारा रंगतो, ऐकणारे मान डोलावतात, मागे झील धरायला घरचीच माणसं असतात. दूध उतू गेलं, की लक्ष कुठे असतं तुझं. कुलूप लावायचं राहिलं, की लक्ष कुठे असतं. नणंद थट्टेत म्हणायची, "आमची वहिनी जगाची नजर तपासते, स्वतःची दुकानात विसरून येते." सगळे हसायचे, तीही हसायची. मुलगा मोठा होत गेला तसे त्याचे चष्मे तीच करायची. उजव्या डोळ्याला नंबर होता. डाव्या डोळ्याला काही दिसतच नव्हतं, तिथे साधी पातळ काच चालली असती. पण मग उजवीकडची जाड काच जड होते आणि चष्मा नाकावर एका बाजूला कलतो, बघणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून ती न दिसणाऱ्या डोळ्यासाठीही तेवढ्याच वजनाची काच घासायची. दुकानातला पोऱ्या विचारायचा, "ताई, या डोळ्याला कशाला एवढी मेहनत?" ती म्हणायची, "तोल राहतो रे." घराचाही तोल राहिला होता. कुणी ढळलं नाही, कुणी मोडलं नाही. सुनेला ही गोष्ट कुणी सांगितली, केव्हा सांगितली, हे तिने कधी विचारलं नाही. लग्न ठरलं तेव्हा डोळ्याचा विषय निघालाच असणार.

"जाम झालंय की काय हे?" नवरा धापा टाकत होता. चक्र फिरत होतं, पण एका संथ लयीत, जात्यासारखं. त्याने अजून रेटलं तरी लय तीच. रखवालदार फाटकाशी बसूनच म्हणाला, "आतमध्ये ब्रेक आहे, आजोबा. कितीही जोर लावा, याच्यापुढे जात नाही ते."

"मग मजा काय राहिली?"

"मजा पोरांची, आजोबा. तुमची नाही."

बाकावर एक तरुण आई तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती, ती हसली. हसलेलं माणूस दिसलं की नवऱ्याला राहवत नाही. दांडी सोडून, कपाळ पुसत तो तिच्याजवळ गेला. चक्र आपोआप मंद फिरत राहिलं. "चांगलं केलंय हो सगळं," तो म्हणाला. "आमच्या वेळी असं असतं तर. आमचा मुलगा इथेच पडला, बरं का. ह्याच जागी. दगड होता इथे. डोळा गेला बिचाऱ्याचा."

"अगंबाई."

"मी जरा तिकडे होतो, ओळखीचे एक भेटले. हिला सांगून गेलो, लक्ष ठेव. आणि हिला घड्याळ बघायला तीच वेळ सापडली." हे म्हणताना त्याचा आवाज हळवा झाला, मान हलली, आणि शेवटी तो उदारपणे म्हणाला, "आता होतं माणसाकडून. मी कधी बोललो नाही तिला."

तरुण आईने वळून हिच्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे बघितलं आणि मग तिची नजर खाली गेली, हिच्या मुठीवर, मुठीतून लोंबणाऱ्या घड्याळाच्या पट्ट्यावर. तिच्या डोळ्यांत जे आलं ते स्वच्छ वाचता येत होतं: अजूनही घड्याळच. तिने बाळ जरा छातीशी ओढून घेतलं. हिला वाटलं, आता याला दिसेल. माझ्या हातात काय आहे ते याला दिसेल, आताच तर याने दिलंय, घाम अजून सुकला नाही याचा. तिने मूठ उघडलीसुद्धा. घड्याळ उन्हात चमकलं, त्याने बघितलं, आणि म्हणाला, "किती वाजले गं? येतीलच आता ती दोघं." तेव्हा तिला कळलं, की हा माणूस खोटं बोलत नाहीये. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं माहीत असतं. याच्यापाशी ते उरलंच नव्हतं. त्याच्या लेखी, तिने पुढच्या वळणापर्यंत म्हणून घेतलेली पिशवी त्याची नव्हतीच मुळी. ती जन्मतःच हिच्या हाताला चिकटून आलेली होती, आणि तो बिचारा इतकी वर्षं हिला सांभाळून घेत होता.

फाटकातून मुलगा आणि सून आत आले. मुंगीने त्यांना पाहिलं, "आई," म्हणून ओरडली, आणि फिरत्या चक्रावरून तशीच उतरायला गेली. आजी दोन पावलं पुढे झालीच होती. पण पोरगी दुसऱ्या बाजूने उतरली, गुडघ्यांवर आपटली, रबराने तिला हलकेच वर उचलून परत खाली ठेवलं. रडावं की हसावं याचा विचार करत ती बसून राहिली. आणि बाकापाशी उभ्या नवऱ्याच्या तोंडून, शिंक यावी तितक्या सहज, आलं: "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?"

सून धावत आली, पोरीचे गुडघे चाचपले. "काही नाही झालं हो, आई. खरंच काही नाही. जाऊ दे." माफ करून टाकलं तिने, तिथल्या तिथे.

"मी बघत होते," ती म्हणाली.

"हो हो, आम्ही काही म्हटलं का?"

"तेव्हाही बघत होते." आवाज तिचाच होता, पण दुकानाच्या मागच्या खोलीतून यावा तसा, मशीनच्या घरघरीमागून. "हे फिरवत होते. घड्याळ माझ्याकडे दिलं होतं."

नवऱ्याने आधी सुनेकडे, मग मुलाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती. पाहुण्यांसमोर कुणी चमत्कारिक बोलावं तसा निखळ अचंबा होता. "काय बोलतेय ही? ऊन लागलं वाटतं. बस, बस जरा सावलीला." सून हळूच म्हणाली, "आई, नका ना आता जुनं." आणि मुलगा म्हणाला, "चल आई, पाणी पी."

नळ झाडाखाली होता. मुलगा तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला, म्हणजे त्याचा डावा डोळा तिच्याकडे आला. तो नेहमी तसाच उभा राहायचा. तिला वाटायचं, सवय. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, प्यायला नाही, सांडू दिलं.

"मला आठवतंय, आई," तो म्हणाला.

"काय?"

"बाबांचे बूट. तपकिरी. दर फेरीला बाबांचे बूट दिसायचे धावताना, आणि मग तुझं तोंड. बूट, तोंड. बूट, तोंड." त्याने नळ बंद केला. "तू 'पुरे' म्हणत होतीस."

झाडावर कुठलासा पक्षी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिने घड्याळाची किल्ली बोटांनी चाचपली. किती वर्षं ती एका साक्षीदारासाठी तळमळली होती, आणि तो साक्षीदार तिच्याच घरात, तिच्याच हातचं जेवून, तिनेच घासलेल्या काचेतून तिच्याकडे बघत होता.

"मग बोलला का नाहीस रे कधी?"

"तूच सांगितलंस ना डॉक्टरांना. मी आत पडून ऐकत होतो. मला वाटलं, तसं ठरलंय." मग जरा वेळाने, "मोठा झाल्यावर कळलं. पण तोवर घर त्याच्यावरच उभं होतं. बाबांना आता या वयात कशाला…"

"आणि तुझ्या बायकोला?"

त्याने ओला हात पॅन्टला पुसला.

"पाळणाघर नको, एवढं तरी ठरव मग. मी दुकान सोडतेय, सांगितलंय मी."

"आई," तो म्हणाला, आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला, म्हणजे आता त्याला काहीच नीट दिसणार नव्हतं. "नाव घालून आलो आम्ही. परवाच."

परवा. म्हणजे सकाळची ती वेणी, तो 'बाबा आहेत ना,' हे सगळं परीक्षा झाल्यावरच्या उजळणीसारखं. ती हसली. खरंच हसू आलं तिला, आणि मुलाला वाटलं, आईने समजून घेतलं. "पूस नीट," ती म्हणाली, "कडेला डाग राहतो तुझा." आणि ती परत चक्राकडे चालू लागली.

मुंगी चक्रापाशी उभी होती. "आजी, आता तू बस. मी फिरवते."

"बसते की."

"आजी, मोठ्यांना चालत नाही त्याच्यावर," रखवालदार म्हणाला.

"ब्रेक आहे म्हणालास ना? मग कसली काळजी?" ती साडी सावरून बसली. रखवालदाराने मान वळवली आणि रस्त्याकडे बघत राहिला. मुंगीने दांडीला दोन्ही हात लावले, डावा खांदा खाली केला, कंबर वाकवली, आणि आजोबांसारखाच एक हुंकार दिला. चक्र हललं.

मग माणसं यायला आणि जायला लागली. बाक आलं, तरुण आई आली, तिने छातीशी धरलेलं बाळ आलं. सून आली, कपाळाला आठी घालून. मुलगा आला, झाडाखाली, न दिसणारा डोळा इकडे करून. मग तपकिरी बूट आले. आजही तपकिरीच होते. बूट, मग पॅन्ट, मग पुढे पसरलेला एक तळहात. "अगं, घड्याळ दे माझं," तळहात म्हणाला आणि मागे गेला. ती बघत होती. पुढच्या फेरीला तळहात पुन्हा आला. "निघायचंय आता, दे इकडे." गेला. पुन्हा आला, जरा जवळ, बोटं उघडी, आणि त्या बोटांना कशाचीही, कशाचीही आठवण नव्हती. तिने मूठ मांडीवर तशीच ठेवली. आत घड्याळ चालत होतं, आणि त्याला आता तिच्या अंगाची ऊब आली होती.

"आजी, भीती वाटते का गं?" मुंगी धापा टाकत, दांडीबरोबर धावत विचारत होती.

"नाही गं बाई. तू पायाकडे बघ तुझ्या. मी बघतेय तुझ्याकडे."